इंग्रजी येतं, पण बोलता येत नाही

(रौप्य महोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढला आहे. बोलण्याच्या भरात जे राहून गेले ते दोन-चार ठिकाणी घातले आहे.)



समितीने मला "ज्येष्ठ नागरिक आणि बँक व्यवहार" हा विषय सुचवला होता. त्यावर मी या सभागृहात तीन वेळा बोललो आहे. ओटीपी कोणाला सांगू नका, हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी तिन्ही भाषणांचं सार्थक झालं. म्हणून आज मी वेगळा विषय मागून घेतला. गेली काही वर्षं दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात आमचा जो इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालतो, त्याबद्दल, आणि त्यामागे माझी जी फजिती आहे तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. मी इंग्रजीचा प्राध्यापक नाही. साधा बी.कॉम. माणूस, ३८ वर्षं बँकेत काढलेला. माझ्या एका पुतणीने इंग्रजीत एम.ए., बी.एड. केलं आहे. तिने आणून दिलेली पुस्तकं वाचून आणि स्वतःला ठेच लागून जे कळलं तेवढंच सांगतो.

माझं शिक्षण तासगाव तालुक्यातल्या एका गावात झालं. इंग्रजी पाचवीपासून. आमचे गुरुजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले. मराठी वाक्य घ्यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, परत मराठी करायचं. पुढे रेन आणि मार्टिनचं व्याकरण. काळ बारा, प्रयोग दोन, आणि प्रत्यक्ष कथनाचं अप्रत्यक्ष कथन. मी यात हुशार होतो. वर्गात पहिला. पण शाळा-कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मी इंग्रजीतून कोणाला साधा रस्ता विचारला नव्हता. विचारणार कोणाला? गावात इंग्रजी बोलणारं माणूसच नव्हतं. आपल्याकडे इंग्रजीला दुसरी भाषा म्हणतात, पण माझ्यासारख्या मुलांसाठी ती परकीच भाषा होती. वर्गाच्या दाराबाहेर पडलं की संपली.

१९७३ साली बँकेत कारकून म्हणून लागलो. तिथे माझ्या इंग्रजीचं कौतुक झालं, कारण बँकेला लागतं ते पत्राचं इंग्रजी. "विथ रेफरन्स टू युवर लेटर", "वुई रिग्रेट टू इन्फॉर्म", "प्लीज डू द नीडफुल". सीएआयआयबीच्या परीक्षा इंग्रजीतून दिल्या, पास झालो, १९८२ ला अधिकारी झालो. मॅनेजर माझ्याकडून ड्राफ्ट लिहून घ्यायचे. मला वाटायचं, आपल्याला इंग्रजी येतं.

१९८६ साली बदली झाली कोइम्बतूरला. तिथे मराठी नाही, हिंदी चालत नाही, तमिळ मला येत नाही. उरलं काय? इंग्रजी. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. कोइम्बतूरला सूतगिरण्या आहेत तशी मोटारपंपांची लहान-मोठी वर्कशॉप्सही पुष्कळ. अशाच एका वर्कशॉपचा मालक कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायला आला. फाईल माझ्याकडे. त्याने तीन महिन्यांची स्टॉक स्टेटमेंट्स दिली नव्हती, एवढीच अडचण. ती दिली असती तर काम पुढे सरकलं असतं. तो समोर बसून विचारतोय, "सर, व्हॉट इज द प्रॉब्लेम?" उत्तर मला माहीत आहे. फाईलवर दोन पानांची टिपणी मीच लिहिली आहे. पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मी काय म्हणालो असेन? "वुई विल इन्फॉर्म यू इन ड्यू कोर्स." त्याला वाटलं, साहेबांनी टोलवलं. तो उठून गेला आणि पुढच्या आठवड्यात खातं दुसऱ्या बँकेत नेलं.

आमच्या शाखेत एक दफ्तरी होते. शाळा सातवी-आठवीपर्यंत झालेली. ते मला म्हणाले, "सर, यू टेल ओन्ली, थ्री मंथ स्टॉक स्टेटमेंट नॉट केम. गिव्ह, फिनिश." मला मनातून रागच आला. "नॉट केम" हे काय इंग्रजी झालं? पण रात्री खोलीवर पडल्या पडल्या विचार केला. त्यांचं वाक्य चूक होतं, पण गिऱ्हाईक थांबलं असतं. माझं वाक्य बरोबर होतं, आणि गिऱ्हाईक गेलं.

हा जो फरक आहे, त्याला पुस्तकात नाव आहे हे मला फार नंतर कळलं. १९६५ साली अमेरिकेत नोम चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाने असं मांडलं की भाषा येणाऱ्या माणसाच्या मनात नियमांचं एक ज्ञान असतं, त्यामुळे त्याला शुद्ध वाक्य कोणतं आणि अशुद्ध कोणतं ते कळतं. त्यावर डेल हाइम्स नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने हरकत घेतली. ते मानववंशशास्त्रातून आलेले, म्हणजे माणसं प्रत्यक्ष कशी बोलतात ते पाहणारे. त्यांचं म्हणणं साधारण असं, की कधी बोलावं, कधी गप्प बसावं, कोणाशी, कुठे, कशा रीतीने बोलावं, हेही भाषा येण्यातच धरलं पाहिजे. या क्षमतेला त्यांनी जे नाव दिलं त्याचं मराठी करायचं तर "संवादक्षमता" म्हणता येईल. त्यांचा निबंध १९७२ साली छापून आला.

पुढे १९८० मध्ये कॅनडातल्या मायकेल कनाल आणि मेरिल स्वेन या दोघांनी या क्षमतेचे भाग पाडले. कनाल यांनी थोड्याच वर्षांनी त्यात एक भर घातली. असे चार भाग झाले. बँकेची सवय, म्हणून मी त्यांना चार खाती म्हणतो.

पहिलं खातं व्याकरणाचं. शब्द, काळ, उच्चार, वाक्यरचना. यात माझी शिल्लक भरपूर.

दुसरं खातं समाजरीतीचं. इथे आपण मराठी माणसं फार अडखळतो, आणि त्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. आपण काउंटरवर जाऊन म्हणतो, "फॉर्म द्या." यात उद्धटपणा आहे का? नाही. कारण "दे" न म्हणता "द्या" म्हटलं, तिथेच मान देऊन झाला. आपला आदर क्रियापदाच्या शेपटात बसतो. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण, तिघांना मिळून एकच "यू". मग आदर ठेवायचा कुठे? तो त्यांनी वाक्याच्या तोंडाशी ठेवला. "कुड आय हॅव", "वुड यू माइंड". आपण "फॉर्म द्या" याचं सरळ भाषांतर करून "गिव्ह मी फॉर्म" म्हणतो. शब्द बरोबर आले, पण "द्या" मधला मान वाटेत सांडला. समोरच्याला वाटतं, माणूस उर्मट आहे. तसंच "थँक यू"चं. आपल्याकडे बायकोने चहा आणून दिला तर "आभारी आहे" म्हणणारा नवरा बरा नाहीये असं समजतात. तिकडे बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही "थँक यू" म्हणतात.

तिसरं खातं बोलण्याच्या सांध्याचं. एक वाक्य दुसऱ्याला कसं जोडायचं, विषय कसा काढायचा, फोन कसा आवरता घ्यायचा. मराठीत आपण "बरं मग", "चला तर" म्हणून फोन ठेवतो. इंग्रजीत हे माहीत नसलं की आपण एकदम "ओके" म्हणून ठेवून देतो, आणि पलीकडचा माणूस फोनकडे बघत राहतो.

चौथं खातं युक्तीचं. शब्द आठवला नाही, समोरच्याचं कळलं नाही, गाडी अडली, तर ती बाहेर कशी काढायची. आठवत नसलेल्या शब्दाला वळसा घालणं, हातवारे करणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, "कळलं नाही, परत सांगा" असं म्हणणं. आपल्याला समजलं नाही तर आपण काय करतो? मान डोलावून "येस, येस" म्हणतो. लाज वाटते. कोइम्बतूरच्या तीन वर्षांत मी किती "येस, येस" म्हणालो असेन त्याचा हिशेब नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ही सांगण्यासाठी मी घरून परवानगी घेतली आहे, आणि परवानगीला एक अट आहे. ती शेवटी.

२०१७ साली आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडला गेलो, रेडिंगला. सूनबाईंना सातवा महिना होता. आमच्या सौ. जुन्या अकरावी मॅट्रिक. घराला लागून एक वयस्कर इंग्रज बाई एकट्या राहायच्या. पहिल्याच आठवड्यात कुंपणापाशी भेट झाली. त्यांनी चहाचं काही विचारलं. सौ. हौसेने म्हणाली, "माय हजबंड व्हेरी लाइक टी." मी तिथल्या तिथे म्हणालो, "लाइक्स. ही लाइक्स टी व्हेरी मच." त्या बाई गप्प झाल्या. सौ. पण गप्प झाली. मला वाटलं, मी मदत केली.

त्यानंतर माझ्यासमोर ती इंग्रजीत एक शब्द बोलली नाही. दुकानात मला पुढे करायची. मी मुलाला म्हटलंसुद्धा, "आईला जमत नाही रे." मी रोज सकाळी दोन तास फिरायला जायचो. त्या दोन तासांत काय चालायचं ते मला ठाऊक नव्हतं.

पुढच्याच महिन्यात एक दिवस मुलगा ऑफिसला गेला होता. सूनबाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, आणि चक्कर येऊन खाली पडली. हाक मारली तर ओ देईना. तिकडे रुग्णवाहिकेसाठी ९९९ लावतात. मुलाने फ्रिजवर नंबर लिहून ठेवला होता. फोन मी लावला. पलीकडून विचारलं, कोणती सेवा हवी? मी "अँब्युलन्स" म्हणालो. दुसरा आवाज आला, काहीतरी भराभर विचारलं. आणि मी थांबलो. खोटं सांगत नाही, माझ्या डोक्यात त्या क्षणी "शी हॅज फेन्टेड" की "शी फेन्टेड", असं चाललं होतं. बारा काळांपैकी कोणता काळ, ते ठरत नव्हतं. पोरगी फरशीवर पडलेली आहे, आणि मी वाक्य तपासतोय.

सौ.ने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. ती म्हणाली, "माय सन वाइफ. बेबी इन स्टमक, सेव्हन मंथ. फॉल डाऊन. नॉट टॉकिंग." पलीकडून पहिलाच प्रश्न, पेशंट श्वास घेतेय का? इंग्रजीत "ब्रीदिंग". हिला ऐकू आलं "ब्लीडिंग". हिच्या जागी मी असतो तर "नो, नो" म्हणून मोकळा झालो असतो. श्वास घेतेय का, या प्रश्नाला "नाही" हे उत्तर गेलं असतं. हिने तसं केलं नाही. ती म्हणाली, "व्हॉट? अगेन प्लीज. स्लो." पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "हर चेस्ट. इज इट गोइंग अप अँड डाऊन?" हिने खाली वाकून बघितलं. "येस! अप डाऊन, अप डाऊन." मग पत्ता. टेबलावर विजेच्या बिलाचं पाकीट होतं. तिकडे पत्त्यात पिनकोडसारखा अक्षरं-आकड्यांचा कोड असतो, आणि रेडिंगचा सुरू होतो आर जी पासून. हिने सांगितलं, "आर फॉर रामा, जी फॉर गणपती." पलीकडच्या बाईंना गणपती कितपत कळला माहीत नाही, पण दोनदा विचारून त्यांनी कोड बरोबर घेतला. फोन चालू ठेवून त्या सांगत होत्या, हिला कुशीवर वळवा, आणि ही वळवत होती. मी दार उघडून उभा राहिलो. तेवढंच माझ्याच्याने झालं.

अँब्युलन्स आली. सूनबाई तोवर डोळे उघडून बघत होती. रक्तदाब उतरला होता. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. नात डिसेंबरात झाली, आज सात वर्षांची आहे आणि आजीशी तासन्‌तास बोलते.

त्या रात्री मी सौ.ला विचारलं, "हे तू कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "तुम्ही फिरायला गेलात की." मी बाहेर पडलो की या दोघी कुंपणापाशी उभ्या राहायच्या. एकदा हिने त्यांना थालीपीठ दिलं. त्यांनी विचारलं, यात काय आहे? आता भाजणी इंग्रजीतून सांगून बघा! ज्वारीला काय म्हणतात ते हिला माहीत नाही, त्यांनी ज्वारी पाहिलेली नाही. हिने आतून मूठभर धान्य आणून दाखवलं. "धिस, धिस, धिस. रोस्ट. देन पावडर." त्या म्हणाल्या, "ओह, यू रोस्ट देम अँड देन ग्राइंड देम?" ही म्हणाली, "येस, रोस्ट देम, ग्राइंड देम." बघा, चूक कोणी दाखवली नाही. बरोबर वाक्य सहज बोलण्यात आलं, आणि हिने ते उचललं. लहान मूल "मी जेवली" म्हणालं तर आई "जेवलास का? काय जेवलास?" म्हणते आणि पुढे जाते. लाल शाईने खूण करत नाही. भाषा अशीही शिकवता येते हे आपल्याला घरात माहीत असतं, फक्त शाळेत आणि ऑफिसात आपण ते विसरतो.

पुतणीच्या पुस्तकांत नंतर वाचलं, तेव्हा या कुंपणावरच्या शाळेचा उलगडा झाला. एक मत असं आहे की आपल्या समजुतीच्या थोडं पुढचं, पण संदर्भाने कळेल असं पुष्कळ ऐकलं-वाचलं की भाषा आत मुरते. स्टीफन क्रॅशन यांचं नाव त्यासाठी घेतात. पण तेवढ्याने भागत नाही. कॅनडात इंग्रजी घरातली मुलं सगळे विषय फ्रेंचमधून शिकतात अशा शाळा आहेत. मेरिल स्वेन यांनी त्या मुलांचा अभ्यास केला. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांना समजायचं छान, पण बोलता-लिहिताना चुका राहायच्या. त्यांनी कारण मांडलं ते असं, की मुलांना स्वतः बोलायची, बोलताना अडायची आणि वाट काढायची संधी कमी मिळत होती. पोहण्याचं पुस्तक वाचून, काठावर बसून दुसऱ्यांना पोहताना बघून भागत नाही. पाण्यात उतरावं लागतं, आणि नाकातोंडात थोडं पाणी जातंच.

आपल्या देशातलाच एक प्रयोग मला सर्वांत आवडला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत तो केला. त्याला बंगलोर प्रोजेक्ट म्हणतात. मुलांना व्याकरणाचे धडे न देता कामं दिली. हा रेल्वेचा तक्ता, अमुक वाजता पोचायचं असेल तर कोणती गाडी पकडशील? हा नकाशा, इथून तिथे कसा जाशील? मुलांचं लक्ष उत्तराकडे, आणि उत्तर काढता काढता इंग्रजी. साध्या शाळा, साधी मुलं. परदेशी यंत्रसामग्री काही नाही.

आता आपल्या वर्गाबद्दल. निवृत्तीनंतर २०१३ साली मी पहिला वर्ग काढला होता, काही जणांना आठवत असेल. मोफत होता. १७ जण आले. मी फळ्यावर काळांचा तक्ता काढला. जो चुकेल त्याला थांबवून सुधारायचो. दिवाळीपर्यंत तिघे उरले, त्यातले दोघे मला वाईट वाटू नये म्हणून येत होते. मी म्हणायचो, लोकांना चिकाटी नाही. इंग्लंडहून परत आल्यावर, २०१८ च्या जानेवारीत पुन्हा सुरू केला, आणि या वेळी सौ.ला विचारून. तिनेच नियम सांगितले. ते ऑफिसच्या दारावर लावलेले आहेत.

पहिला नियम, कोणी कोणाला हसायचं नाही. दुसरा, बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. कळलं असेल तर उत्तर द्यायचं, कळलं नसेल तर "अगेन प्लीज" म्हणायचं. तिसरा, काम घेऊनच बसायचं. एकाच्या हातात डोंबिवली-पुणे गाड्यांची वेळ, दुसऱ्याला लग्नाला जायचंय. एकीकडे औषधाची चिठ्ठी, दुसरीकडे दुकानदार. सोसायटीचं मेंटेनन्स बिल घेऊन तर आम्ही दोन शनिवार भांडलो. सिंकिंग फंड आणि पार्किंग चार्जेसवर जेवढं इंग्रजी सुचतं तेवढं कशावरच सुचत नाही! चौथा, वहीत सुटे शब्द लिहायचे नाहीत, तयार तुकडे लिहायचे. "आय एम लुकिंग फॉर", "कुड यू प्लीज", "हाऊ लाँग विल इट टेक". पूर्ण तुकडा पाठ असला की मराठी वाक्य मनात जुळवून मग उलटं करत बसावं लागत नाही. आणि पाचवा नियम माझ्यासाठी ठेवला आहे. शेवटची दहा मिनिटं मला व्याकरणाला. सगळ्यांनी केलेल्या दोनच चुका, कोणाच्या ते न सांगता.

व्याकरण नको असं मी म्हणत नाही. बँकेच्या माणसाने असं म्हणू नये. करारात "शाल" आहे की "मे" आहे, यावर लाखो रुपये फिरतात. नोकरीचा अर्ज, डॉक्टरांचा अहवाल, कोर्टाचा कागद यांत चूक परवडत नाही. पण बोलण्याची भीती आधी जावी लागते, मग शुद्धता तिच्या पाठीमागून आणता येते. आम्ही उलटं केलं. शुद्धता आधी मागितली, आणि माणसं मुकी झाली.

वर्गाने चमत्कार केलेला नाही. काही आले, काही गेले. कोरोनात दोन वर्षं फोनवर चालवला, तेव्हा निम्मे गळाले. एक काकू दीड वर्ष फक्त ऐकत होत्या. मी चिडचिड केली नाही, कारण सुरुवातीला काही जण असे गप्प राहून साठवतात, हे मी वाचलं होतं. एका शनिवारी त्या बोलू लागल्या, आणि आता त्यांना थांबवावं लागतं. आपले रात्रपाळीचे वॉचमन येतात. गेल्या पावसाळ्यात एका भाडेकरूंच्या घरातून खालच्या फ्लॅटमध्ये गळती होत होती. त्या भाडेकरूंना मराठी-हिंदी येत नाही. वॉचमननी जाऊन सांगितलं, "सर, युवर बाथरूम वॉटर, डाऊन फ्लॅट सीलिंग. कुड यू प्लीज क्लोज मेन कॉक?" "कुड यू प्लीज" आलेलं पाहून मला किती आनंद झाला सांगू!

आपली संस्था २००० साली नोंदली गेली. त्याच वर्षी आपल्या राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वेळी पहिलीत गेलेली मुलं आज तिशीत आहेत. त्यातली कित्येक मला सांगतात, "काका, समजतं सगळं, पण बोलता येत नाही." इयत्ता बदलली, पण दुखणं तेच राहिलं. पाचवीत सुरू करा की पहिलीत, मुलाला वर्गात तोंड उघडायला मिळालं नाही आणि उघडल्यावर कोणी हसलं, तर दहा वर्षं शिकून तो "इन ड्यू कोर्स"वरच येणार.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती. मुलगा घरात इंग्रजी बोलला तर चूक काढू नका, विचारा, "मग पुढे काय झालं?" आणि त्याचबरोबर मराठीही भरपूर बोला. ज्याला एका भाषेत मनमोकळं बोलायची सवय आहे, त्याला दुसरीत तोंड उघडायचा धीर येतो. आजीला इंग्रजी येत नाही म्हणून नातवंडांनी हसू नये. आजीकडे युक्तीचं खातं आहे. ते तुमच्यापेक्षा मोठं असू शकतं.

आता ती अट. सौ. म्हणाली, गोष्ट सांगा, पण शेवटी "सॉरी" म्हणून सुटायचं नाही. इंग्रजीत म्हटलं की ते कोणालाच लागत नाही. तेव्हा मराठीत सांगतो. कुंपणापाशी चार माणसांत मी तुला टोकलं, आणि मुलाला सांगितलं की आईला जमत नाही. ते माझं चुकलं.

दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा, सोसायटीच्या ऑफिसात. फी नाही. चहा आपापल्या घरून पिऊन या. येताना शुद्ध इंग्रजी आणायची गरज नाही, काहीतरी सांगायचं आहे एवढं असलं की पुरे.